कलमावरचा डाग

कलम मंजूर झालं, तेही एकमताने. पण हे तुमच्या कानावर आलंच नाही असं समजा. कारण आत्ता माद्रिदमध्ये दुपारचे तीन वाजलेत आणि बेनितानं आपल्या खानावळीत एकच ताट दोन वैऱ्यांच्या मधोमध आदळलंय.

"बटाट्याचं ऑम्लेट एकच उरलंय. वाटून खा, नाहीतर उपाशी राहा."

हुकूमशहा मरून अडीच वर्षं झाली होती. त्याच्या राजवटीतले जुने अधिकारी लेआंद्रो आणि त्याच राजवटीत तुरुंग भोगलेले कॉम्रेड फेर्मिन आता एकाच घटना समितीत होते. पण एकमेकांशी बोलत ते फक्त लघुलेखिका कासिल्दामार्फत.

"कासिल्दाबाई, या गृहस्थांना सांगा, कांदा असेल तरच मी हात लावीन," लेआंद्रो म्हणाले.

"बाई, त्यांना सांगा, बिनकांद्याचं खाणाऱ्याचा मताधिकारच काढून घ्यावा."

दोघेही दचकले. महिन्याभरातलं हे पहिलं एकमत. कासिल्दानं ते सवयीनं इतिवृत्तात नोंदवलं.

त्या भरात फेर्मिननी टेबलावर अंथरलेल्या कागदावरच लिहिलं : 'जन्माने स्पॅनिश असलेल्या कोणाचंही नागरिकत्व काढून घेता येणार नाही.' लेआंद्रोंनी पेन हिसकावून पुढे जोडलं : 'गद्दार सोडून.' गाडी महिनाभर इथेच अडली होती. कासिल्दाची पेन्सिल थांबली.

"हिच्या बापालाही गद्दारच ठरवलं होतं," कासिल्दासमोर पाव ठेवता ठेवता बेनिता बोलून गेली. "एकोणचाळीस वर्षं तिकडे सरहद्दीपलीकडे तुलूझला पडलाय बिचारा. दर पत्रात विचारतो, बेनिताच्या ऑम्लेटमध्ये अजून कांदा असतो ना?"

लेआंद्रो चावायचे थांबले. मग त्यांनी तेलानं निथळणारा एक तुकडा काट्यावर उचलला आणि अगदी जपून त्या दोन शब्दांवर ठेवला.

"साहेब, ताट इकडे आहे," कासिल्दा म्हणाली.

"चष्मा घरी राहिला," नाकावरचा चष्मा सारखा करत ते म्हणाले. "वाचा बघू, काय ठरलं?"

तिनं तुकडा उचलला. खाली नुसती निळी रबडी.

"शेवटचं वाचता येत नाही."

"जे वाचता येत नाही ते कायद्यात कसं घालणार? काय हो फेर्मिन?"

आपल्याशी थेट कोण बोललं म्हणून फेर्मिननी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"माझी हरकत नाही," ते भिंतीला म्हणाले.

संध्याकाळी कासिल्दानं तुलूझला तार केली : 'कांदा असतो. या.'

आणि दुसऱ्या दिवशी सचिवालयात अर्ज दिला : 'सदर कलमाच्या शेवटी पडलेला तेलाचा डाग राज्यघटनेच्या प्रत्येक छापील प्रतीत त्याच जागी, त्याच आकारात छापण्यात यावा, शक्य असल्यास वासासह. ही नम्र विनंती.'