आबा ‘फक्कड’ म्हणाले

मार्ताबाईंनी वाइनचा पहिला घोट आबांच्या ग्लासात ओतला आणि मी खुर्चीत सरळ बसले.

हंगेरीतल्या सेक्सार्ड गावाबाहेर त्यांचं वाइनचं तळघर. वर अंगणात तीन काठ्यांना टांगलेली कढई, तिच्यात मटण. माझी नणंद अनुजा बुडापेस्टला नोकरी करते. आबांना इथलं मटण दाखवायचंच, असं म्हणून तिनं आम्हाला इथं आणलं होतं. आबा म्हणजे माझे सासरे, जोतीराम. कोल्हापुरात आमची खानावळ आहे. तिथं तांबड्या रश्श्याची चव रोज आबा घेतात, मान हलवतात, मगच पातेलं बाहेर जातं.

गेले काही महिने मला त्या मानेची शंका येत होती. खोबरं करपलेल्या रश्श्यालासुद्धा ती हलली होती. गिऱ्हाईक कुरकुरलं तेव्हा माझा नवरा अमरसिंह आचाऱ्यावर, कृष्णातवर, ओरडला. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत काम करते. एका नमुन्यावरून मी निष्कर्ष काढत नाही. पण इथं आल्यापासून माझं लक्ष जेवणात नव्हतं. ब्याडगी मिरची कुठली, संकेश्वरी कुठली हे डोळे मिटून सांगणारा माणूस इथल्या बाजारात पाप्रिका मिरचीची लाल पूड नाकाशी धरून गप्प उभा राहिला. ताटात काहीही आलं की आबा आधी अमरसिंहच्या तोंडाकडं बघत, मग बोलत.

“घरातल्या मोठ्या माणसानं आधी चाखायची, अशी रीत आहे त्यांची,” अनुजा म्हणाली.

“सुनंसमोर? लाज न्हाय वाटत तुला?” आबा तिच्यावर खेकसले.

“वैनी, डोळं मिटा ओ जरा,” अनुजा मला म्हणाली.

“तिचं डोळं कशाला? मीच फिरतो की.” आबांनी खुर्ची फिरवून माझ्याकडं पाठ केली, घोट घेतला. “फक्कड!”

मग आमचे ग्लास भरले. मी माझा उचलला आणि तोंडापर्यंत नेऊच शकले नाही. भिजून कोंडलेल्या गोणपाटाचा वास. बूच खराब असलं की वाइन अशी बिघडते, हे मी वाचलं होतं. मार्ताबाईंनी माझा ग्लास हुंगला, त्या शरमेनं लाल झाल्या आणि माफी मागत त्यांनी बाटली झाडाच्या बुंध्याशी रिकामी केली.

“बघितलंसा?” अमरसिंह खुशीत होता. “पावण्याच्या घरात आमचं आबा कशालाच नाव ठेवत न्हाईत!”

आबाही हसले. त्यांच्या मानेवरचा घाम मला मागून दिसत होता.

मार्ताबाई दुसरी बाटली आणायला खाली गेल्या. तळघर बघायला बहीण-भाऊ मागोमाग गेले. मी आबांच्या समोर जाऊन उभी राहिले.

“आबा, तुम्हाला वास येत नाही ना?”

ते कढईकडं बघत राहिले. “मागच्या तापापासनं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “अमरला बोलू नगंस. गल्ल्यावर बसवंल मला. टेबलावरचं पाण्याचं जग भरलं का, एवढंच इचारायचं मग मी.”

“आणि कृष्णातनं तुमच्यापायी बोलणी खायची?”

हात कुठं ठेवावेत मला कळेना. मी उगाच टेबलावरचे चमचे सरळ करत बसले.

मटण वाढलं गेलं. नवी वाइन कादार्का नावाच्या द्राक्षाची, हलकी आणि आंबटसर. आधी मटण, मग घोट, असं मार्ताबाईंनी खुणेनं सांगितलं. आबांनी घास खाल्ला, घोट घेतला आणि थांबले. पुन्हा घास, पुन्हा घोट. अमरसिंहकडं त्यांनी बघितलंच नाही.

“आंबटानं चरबी तुटली की,” ते सावकाश म्हणाले. “जीभ कोरी झाली. दुसरा घास पयल्यासारखाच लागतोय.”

अनुजानं ते सांगताच मार्ताबाईंनी टाळी वाजवली. मटणाबरोबर हीच वाइन का, याचं कारण तेच होतं. मग त्यांनी गंमत म्हणून एक गोड वाइन पुढं केली. आबांनी घोट घेतला आणि ग्लास सारला. “ही न्हाय. ही मटणावर चिकटून बसतीया.”

मीठ, आंबट, गोड जिभेला कळतं. बाकीचं बहुतेक सगळं नाकाचं काम. ते मी त्यांना हळूच सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि पुन्हा घास घेतला, पुन्हा घोट. परतीच्या विमानात मला झोप लागली नाही. अमरसिंह शेजारी घोरत होता. त्याला उठवून सांगावं असं मला सारखं वाटत होतं.

कोल्हापुरात पहिल्याच दिवशी आबा पातेल्याजवळ गेले. पळीतलं थोडं तळहातावर घेऊन चाटलं. आम्ही सगळे थांबलो. मान हलली नाही.

“मीठ बराबर. चरबी लई वर आलीया, काढ. वासाचं आमच्या सुनंला इचारा, संयोगिताला. मला येत न्हाय.”

“म्हंजे?” अमरसिंह म्हणाला.

“म्हंजे न्हाय येत! तापापासनं. कृष्णात, ती बोलणी माझी व्हती रं.”

कृष्णात खाली बघून फडकं पिळत राहिला.

“मग आबा, तुम्ही आता गल्ल्यावर...”

“गल्ल्यावर तू बस.” आबांनी पळी माझ्या हातात दिली.

बाहेर कुणीतरी रिकामी वाटी टेबलावर आपटत होतं. मी पातेल्यावर वाकले. वाफ चेहऱ्यावर आली. ताडून बघायला दुसरा नमुना नव्हता, हाताशी यंत्र नव्हतं.

“लवंग जास्त झालीय,” मी म्हणाले. “बहुतेक.”

“बहुतेक?” आबा कडाडले. “माणसं जेवायला बसल्यात! परत वास घे.”

मी परत वाकले.