चार कप चहा

पालीच्या भजनी मंडळातले तिघं नोकरीपायी पुण्याला गेले. मागं राहिला सिद्धनाथ, त्याची पेटी आणि लिनक्सवर चालणारा जुना लॅपटॉप. मंडळाचा आवाज परत हवा म्हणून त्यानं दोन फुकटची सॉफ्टवेअर तोलून पाहिली. एलएमएमएसमध्ये वाद्यं रग्गड, पण गळा रेकॉर्ड होईना. दुसऱ्या, आर्डर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये झाला. मग चौघांच्या जागा त्यानं एकट्यानंच गाऊन भरल्या, ट्रॅकना गड्यांची नावं दिली. धनाजीचा ट्रॅक तर इमानानं बेसूर ठेवला.

स्पीकरवर लावलं, तशी शेजारची फुलाकाकी चार कप चहा घेऊन लगबगीनं आली.

“पोरं आली व्हय रं? कुठं हायती?”

सिद्धनाथनं लॅपटॉपकडं बोट केलं. काकीनं कप खाली ठेवले.

“मंग धनाजीचा च्या मी घेते,” ती टेकत म्हणाली. “तू लाव परत.”

उरलेले दोन कप निवत राहिले.