दुपारच्या बसचे विषय

"गणित कुठाय, अक्का?"

सिद्धलिंगप्पांनी पदवीचा कागद खिडकीच्या उजेडाकडं धरला, जणू विषय कागदाच्या आत कुठंतरी दडून बसला असावा. "मराठी हाय, इतिहास हाय, समाजशास्त्र हाय. गणित इल्ला."

"न्हाई सर," म्हाळसा म्हणाली. "पण मी गणितच शिकवायलेय. सहावी-सातवीला. इतकी वर्षं झाली."

"शिकवत असाल की. न्हाई कोण म्हणायलंय?" बिदरच्या कचेरीतला हा कारकून वाईट माणूस नव्हता. आल्या आल्या त्यानं तिला बसायला खुर्ची दिली होती, पाणी विचारलं होतं. "नवा नियम आलाय. सहावीपासनं पुढं शिकवायचं तर डिग्री पायजे, बी.एड. पायजे, आन् जो विषय शिकवायचा तोच डिग्रीला पायजे. जो उभा ऱ्हायला तो मास्तर, ते दिवस गेले."

"बी.एड. हाय माझं."

"हाय. तेबी बघितलं."

"इतिहासाला घेता येईल?"

"तुमच्या शाळेला जागा एकच आलीय, गणिताची. इतिहासाला मास्तर हायत तुमच्याकडं."

"मग गणित घेऊन परत डिग्रीला बसले तर?"

सिद्धलिंगप्पांनी कागद हळूच तिच्यापुढं सरकवला. "पयल्यापासनं तीन वर्षं करावं लागंल, अक्का. तवर जागा थांबंल व्हय?"

म्हाळसानं कागदाची घडी जुन्याच खुणेवर घातली. भांडायला समोर कुणी असतं, तर बरं झालं असतं.

बाहेर लिंबाखाली तिचा बाप मल्लिकार्जुन घोंगडीवर बसला होता. मेंढरं विकून जमाना झाला होता, पण घोंगडी आणि काठी घेतल्याशिवाय हा म्हातारा धनगर घराबाहेर पडत नसे.

"काय म्हणायलेत सायब?"

"विषय न्हाई म्हणायलेत, अप्पा."

"कंचा?"

"गणित."

"आता गं! शिकवायलीस तर तेच की."

"शिकवलेलं चालत न्हाई. शिकलेलं पायजे."

मल्लिकार्जुन घोंगडी झटकता झटकता थांबला. त्याला काहीतरी आठवलं असावं. ते त्याला आठवलंय हे म्हाळसाला कळलं. भालकीपर्यंतच्या बसमध्ये मग दोघंही उसाच्या बैलगाड्या बघत बसली.

भालकीजवळच्या त्यांच्या गावाकडच्या पोरी शिकायला उदगीरला जात. राज्य दुसरं, पण भाषा आपली, आत्या-मावश्या तिकडच्या, बाजार तिकडचा. सीमा कुठं लागते ते फक्त बसच्या कंडक्टरला ठाऊक. म्हाळसा बारावी झाली तेव्हा कॉलेजात नाव घालायला अप्पाच तिच्यासोबत आला होता. मेंढरं त्या दिवशी तिच्या भावाच्या, तुळजारामच्या हवाली केली होती. विषयांत पहिलं नाव तिनं गणिताचंच सांगितलं होतं. शिपाई म्हणाला, "गणिताचे तास दुपारून असत्यात." आणि गावाकडं परतणारी बस एकच, दुपारची. ती चुकली की दुसऱ्या दिवशीपर्यंत उदगीरच.

"मुक्कामी ठिवावी म्हणलं, तर बहीण हितली सोलापूरला गेली," अप्पा शिपायालाच सांगत बसला. मग पोरीकडं वळला. "मेंढरूबी उन्हं कलायच्या आत वाघरीत येतंय, माय. तू कशी बाहेर ऱ्हाशील?"

वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री बांधायची जाळी. लांडगा बाहेर, जीव आत. अप्पाला जगाची एवढीच रीत ठाऊक होती, आणि तिच्यात माया सोडून दुसरं काही नव्हतं. मग सकाळी जे तास होते, त्यांतून विषय निवडले. त्या गावाच्या किती पोरींच्या पदव्या अशा दुपारच्या बसनं ठरवल्या होत्या! कुणाला त्यात चूक वाटली नाही. बाईमाणसाला विषय कुठला का असेना, डिग्री ती डिग्री.

पुढं बी.एड. झालं. तुळजाराम पुण्याला इमारतींच्या कामावर गेला. पलीकडच्या राज्यात अर्ज केला तर म्हणाले, तुम्ही कर्नाटकाच्या. अलीकडं जागा निघत नव्हत्या. तेव्हा गावच्या मराठी शाळेचे हेडमास्तर सुधींद्र सर स्वतः घरी आले होते.

"बाई, गणिताला कुणीच टिकेना. तुम्ही उभ्या राहा. वरून माणूस येईपर्यंत."

वरून माणूस आलं नाही. म्हाळसा उभी राहिली ती राहिलीच. अपूर्णांकांशी पोरं अडखळायची, तेव्हा आईच्या दळणाची चाल तिच्या ओठांवर आली आणि फळ्यापुढं उभ्या उभ्या तिनं ओवी रचली:

*सहावी माझी ओवी गं, अपूर्णांक आले दारी*
*छेद सारखे करून घ्या, मग बसवा शेजारी*

पोरं शेरडं राखताना म्हणायची, हातपंपावर म्हणायची. एकदा कुण्या सासुरवाशिणीनं लेकराला झोपवताना म्हटलेली म्हाळसानं ऐकली. ती बाई तिचीच विद्यार्थिनी होती.

बिदरहून आल्यावर महिनाभरात विभा आली. भालकीच्या मास्तरांची लेक, बी.एस्सी., गणित घेऊन. साडीच्या निऱ्या अजून सवयीच्या न झालेली, भित्री, गोड पोरगी. सुधींद्र सरांनी म्हाळसाला ऑफिसात बोलावलं आणि बराच वेळ टेबलावरचा खडू इकडून तिकडं फिरवला.

"लिहिलं हो बाई मी वर. दोनदा लिहिलं. उत्तर नियमाचंच आलं."

"व्हय सर."

"पोरांच्या जेवणाच्या खोलीवर शिजवायला एक बाई पाहिजे... म्हणजे, शाळा तुटू नये म्हणून म्हणतो. तिथं काही शिक्षण..."

"लागत न्हाई," म्हाळसानंच वाक्य पुरं केलं. "आमच्या शेजारच्या चांगुणाबाईला सांगा सर. तिला गरज हाय."

ती बाहेर पडली तर व्हरांड्यात विभा उभी. डोळे भरलेले.

"अक्का, लेकरं ऐकेनात हो. मी छेद काढायला लागले की म्हणतेत, पयले ओवी म्हणा म्याडम. मला येत न्हाई म्हणलं तर हसायलेत."

"हसू द्या. माझ्यावरबी हसायचेत."

"तुमची जागा मी..."

"तुम्ही काय केलं, माय? तुम्ही शिकलात." म्हाळसानं पदर खोचला. "हं, म्हणा माझ्यामागं. सहावी माझी ओवी गं..."

विभानं दबत दबत म्हटली. सूर चढला नाही. म्हाळसानं परत म्हटली, परत म्हटली, जात्याला खुंटा घट्ट बसेपर्यंत ठोकावा तशी. आत वर्गातल्या पोरांनी ओळखलं आणि तीही म्हणू लागली. मग विभा आत गेली. ओवी तिच्या मागोमाग आत गेली. व्हरांड्यात चपला तेवढ्या राहिल्या, पोरांच्या आणि म्हाळसाच्या. तिनं आपल्या पायात सरकवल्या.

घरी अप्पा जेवायला बसला. भाकर मोडून तशीच ताटात ठेवली. "माझ्यापायी झालं," असं तो म्हणाला असता तर ती "न्हाई" म्हणाली असती. पण तो म्हणाला नाही, आणि तिचं "न्हाई" तिच्यापाशीच राहिलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी अप्पा घरात दिसेना. पहिल्यांदा म्हाळसाला वाटलं, मैलारच्या देवाचं काही मनात आलं असेल, देवळाकडं गेला असेल. एका संध्याकाळी दिवे लागले तरी आला नाही तेव्हा ती शोधायला निघाली.

तो फाट्यावर होता. यंदा उदगीरहून संध्याकाळची बस सुरू झाली होती. अंधार पडता पडता ती यायची. घोंगडी खांद्यावर टाकून, काठीवर हनुवटी टेकून म्हातारा रस्त्याकडं बघत उभा होता. तिच्या कॉलेजाच्या दिवसांत तो असाच उभा राहायचा, भर उन्हात, मेंढरं मागं ठेवून.

बस थांबली. दप्तरं सांभाळत कॉलेजच्या पोरी उतरल्या.

"आज्जा, आजबी आलास व्हय? आम्हाला काय वाट ठावं न्हाई?"

"ठावं हाय गं. चला, चला." मग एकीला, कुणाला ऐकू न जाईल असं, "आज कंचा तास होता?"

"गणिताचा. कामून?"

"काय न्हाई. उगं."

पोरी हसत खिदळत गावाच्या वाटेला लागल्या. म्हाळसा बाभळीच्या आडच थांबली.

बस धूळ उडवत निघून गेली. अप्पानं काठी उचलली, पोरींच्या मागं दोन पावलं टाकली आणि थांबला. वळून रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिला, अजून एक उतरायची राहिली असावी तसा.