खाडीकडे वळवलेली दांडी

मी एक जुना लॉक आहे. कपाटाचा नव्हे आणि दाराचाही नव्हे. मला किल्ली नाही. मित्रांनो, तुम्ही रस्त्याने ट्रेलरवर जाणारे मोठमोठे लोखंडी डबे पाहिले असतील. त्यांना कंटेनर म्हणतात. बंदराजवळ हे कंटेनर एकावर एक रचून ठेवतात. खालच्या कंटेनरच्या कोपऱ्यावर मला बसवतात, वरचा कंटेनर माझ्यावर ठेवतात आणि माझी दांडी एका बाजूला सरकवतात. मग माझी दोन्ही डोकी कोपऱ्यांच्या भोकांत आडवी वळतात आणि वरच्याला व खालच्याला घट्ट धरून ठेवतात. धरून ठेवणे एवढेच माझे काम. ते मी मन लावून केले.

आता मात्र मी उरणजवळच्या एका गावात, एका घराच्या ओट्यावर असतो. तिथे वेणूबाई जवळा सुकत घालते आणि खालचे फडके वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर मला ठेवते. कधी मोठमोठे कंटेनर धरणारा मी आता एक फडके धरतो. इथे मी कसा आलो, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत झाला. लालबुंद रसातून मला ओतले, थंड केले, घासले, आणि गंज लागू नये म्हणून माझ्या अंगावर जस्ताचा मुलामा चढवला. माझ्यासारखीच भावंडे पोत्यांत भरून ट्रकने निघाली. घाट उतरून, पनवेल ओलांडून आम्ही द्रोणागिरीला आलो. नव्वदनंतरची ती वर्षे. बंदर नवे होते, रस्ते नवे होते. जिथे भातशेती आणि मिठागरे होती तिथे भराव टाकून रिकाम्या कंटेनरचे यार्ड उभे राहत होते. भरावाच्या कडेला एखादा जुना बांध तसाच राहिलेला दिसे, आणि म्हातारी माणसे त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, "तो आमचा."

आमच्या यार्डातला हिरामण अशाच एका शेतकऱ्याचा मुलगा. जमीन गेली, तिच्या बदल्यात कितीतरी फेऱ्या मारून त्याला ही नोकरी मिळाली होती. वेणूबाई त्याची आई. ती यार्डात रिकामे कंटेनर आतून झाडायची. केर काढता काढता ती बोलत असायची, आणि पत्र्याच्या त्या पोकळीत तिचा आवाज असा घुमायचा की सारे यार्ड ऐकायचे.

"ही माजी भाताची खाचरं होती बरं," ती म्हणायची. "आता पत्र्याची खाचरं झाली. पीक येत नाय, नुसता केर येतो."

हिरामणला काम शिकवले सयाजीने. सयाजी पाटणकडचा. आधी वाशीच्या मार्केटात हमाली केली आणि मग इथे आला. कामोठ्यात भाड्याची खोली घेऊन त्याने बायको आणि मुली नुकत्याच गावाहून आणल्या होत्या. यार्डात त्याच्याइतका जपून काम करणारा दुसरा कोणी नव्हता. मी पहिल्यांदा ज्या हातात गेलो तो हात त्याचाच. त्याने माझी दांडी दोनतीनदा इकडून तिकडे केली, मान हलवली आणि हिरामणला म्हणाला, "हे बघ गड्या, दांडी फिरवली म्हंजी बंद झाला असं न्हाय. शेवटाला आतनं एक ठोका येतो. त्यो हाताला कळला पायजे."

त्या दिवशी त्याने मला तेल दिले. मित्रांनो, माझ्यासारख्याला तेल देणाऱ्याचा हात विसरता येत नाही.

सयाजीने यार्डात एक रीत पाडली होती. आम्ही उंच जागी बसवलेले, खालून आमचे पोट दिसायचे नाही, फक्त दांडी दिसायची. आमच्या रांगेची पाठ भिंतीला होती. मागे हात जात नसे म्हणून मागच्या कोपऱ्यांत नुसत्या खुंट्या असत, आणि रस्त्याच्या बाजूला आम्ही. रस्त्यावर उभे राहून पाहिले की एका हाताला खाडी आणि दुसऱ्या हाताला द्रोणागिरीचा डोंगर. सयाजीने सगळ्यांना सांगून ठेवले होते, "दांडी खाडीकडं, तर बंद. दांडी डोंगराकडं, तर उघडा." एवढे सोपे. संध्याकाळी घरी जाण्याआधी तो आंबे काढायच्या आकडीसारखा लांब बांबू घेऊन रांगेपुढून चालायचा. एखादी दांडी डोंगराकडे दिसली की बांबूने खाडीकडे सरकवायचा. कोणी त्याला हे सांगितले नव्हते. वाऱ्याने कोणाच्या डोक्यावर डबा पडू नये, एवढाच त्याचा हेतू.

खंडेनवमीला आमच्यापैकी काहीजणांना खाली काढून पाटावर मांडत. वेणूबाई हळदकुंकू लावायची. सुपरवायझर विश्वजितसाहेब एकदा म्हणाले होते, "क्रेन बंद पडली तर काम थांबतं. हे बंद नाही राहिले तर माणूस जातो." ते ऐकून मला फार अभिमान वाटला होता.

मग काम वाढले. रस्त्याच्या पलीकडे दुसरी रांग लावायचे ठरले आणि ती हिरामणकडे सोपवली. मलाही त्या रांगेत नेले. तिसऱ्या थराखाली, खाडीच्या टोकाच्या अगदी शेवटच्या डब्यापाशी माझी नेमणूक झाली.

आता मित्रांनो, नीट ऐका, कारण माझे सगळे आयुष्य इथे फिरले. नवी रांग जुन्या रांगेकडे तोंड करून होती. तुम्ही वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे राहा आणि मग मागे वळा. जी खिडकी डाव्या हाताला होती ती उजव्या हाताला येईल. आमची दांडी समोरून पाहताना डावीकडे गेली की आम्ही बंद होतो. जुन्या रांगेत डावीकडे खाडी होती. नव्या रांगेत डावीकडे डोंगर आला.

हिरामणला हे पहिल्याच दिवशी कळले, कारण त्याच्या हाताला ठोका कळत होता. त्याने सगळ्या दांड्या डोंगराकडे सरकवून आम्हाला बंद केले. मला बंद करून त्याने माझ्यावर हलकी थाप मारली. तो मनाशी हसला आणि म्हणाला, "सयाजीभाऊंना सांगायला पायजे, इकडं उलटं हाय." पण त्याची गाडी आली, तो धावत निघून गेला आणि सांगायचे राहिले.

थोड्या वेळाने सयाजी बांबू घेऊन आपल्या रांगेपुढून चालत आला. फेरी संपवून त्याने सहज पलीकडे पाहिले. हिरामणच्या रांगेतल्या सगळ्या दांड्या डोंगराकडे!

"आरं ह्या पोराच्या," तो पुटपुटला, "समदी उघडी टाकून गेलं की रं."

मला ओरडावेसे वाटले. सयाजी, मी बंद आहे! हात लाव, ठोका बघ! पण त्याने हात लावला नाही. खालूनच बांबू लावून एकेक दांडी तो खाडीकडे सरकवत गेला. मायेने करत होता हो तो. हिरामणला बोलणी बसू नयेत म्हणूनच करत होता. माझी दांडी सरकली, माझी डोकी भोकांशी सरळ झाली आणि माझी पकड सुटली. ज्याने मला धरायला शिकवले, त्यानेच मला सोडायला लावले.

दुसऱ्या दिवशी हिरामणला सकाळपासून फाटकावर पाठवले होते, त्यामुळे तो रांगेकडे फिरकलाच नाही, आणि दुपारी वैशाखातले वादळ उठले. धुळीने डोंगर दिसेनासा झाला. वारा खाडीवरून आला तो पहिल्यांदा आमच्या टोकाच्या डब्यावर आदळला. मी जिवाच्या आकांताने धरू पाहिले, पण उघडा लॉक काय धरणार? डबा कलला आणि खाली रस्त्यावर आला. तिथे पाण्याचे माठ ठेवलेला झापांचा एक लहान मांडव होता. तो चेपून गेला. वेणूबाई तिथेच बसून भाकरी खायची. त्या दिवशी धूळ उठलेली पाहून ती भाकरी घेऊन एका कंटेनरच्या आत गेली होती. तेवढ्यानेच ती वाचली.

वारा थांबल्यावर सगळे धावले. विश्वजितसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हिरामण, अरे आईच्याच अंगावर पाडला असतास!"

"साहेब, मी बंद केले होते. आईची आन. या रांगेत उलटं येतं. इकडं डोंगराकडं म्हंजी बंद. मी सगळ्या दांड्या डोंगराकडं केल्या होत्या."

साहेबांनी वर पाहिले. रांगेतली प्रत्येक दांडी खाडीकडे होती.

"मग ह्या खाडीकडे कोणी केल्या? वाऱ्याने?"

दोघे तिघे हसले. हिरामण वर पाहत राहिला. त्याला काहीच उमजत नव्हते. पण घोळक्याच्या मागे सयाजी उभा होता, आणि त्याला त्याच क्षणी सगळे उमजले. मला वाटले, आता हा पुढे येईल. आता बोलेल. तो पुढे आलाही. त्याने मला मातीतून उचलले आणि म्हणाला, "साहेब, पोराची चूक न्हाय. ह्यो लॉकच खराब असंल. ढिला पडला असंल."

मित्रांनो, मी! त्याच्या तेलावर वाढलेला मी खराब! त्याला हिरामणला वाचवायचे होते आणि स्वतःलाही, म्हणून त्याने मला पुढे केले. मी तेही सोसले असते. माझ्यावर आळ येऊन हिरामण सुटत असता तर मी आनंदाने भंगारात गेलो असतो.

पण तपासायला बाहेरून एक अधिकारी आले. त्यांनी मला टेबलावर ठेवले, दांडी सरकवली. ठोका आला, स्वच्छ आणि पक्का. पुन्हा सरकवली. पुन्हा तसाच.

"लॉक उत्तम आहे," ते म्हणाले. "लावलाच नव्हता."

माझ्या चांगुलपणानेच हिरामणचा घात झाला. माझ्यात एखादी भेग असती, थोडा गंज असता तर! सयाजी दाराशी उभा होता. तो खाली पाहत राहिला. त्याच आठवड्यात हिरामणची नोकरी गेली. जमीन आधीच गेली होती.

मला अपघाताचा लॉक म्हणून भंगाराच्या ढिगावर टाकले. तिथून वेणूबाईने मला पदरात गुंडाळून घरी आणले. हिरामण चिडला. "कशाला आनलास त्याला? त्याच्यामुलंच तर गेली नोकरी."

"माज्या पोराचा हात खोटा नाय," ती म्हणाली, "आनि हा बी खोटा नाय. दोगं खरं असून असा कसा झाला, ते मना बघायचा हाय."

ती यार्डात झाडायला जातच राहिली. हिरामण वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहू लागला. एक दिवस वेणूबाई घरी येऊन सांगू लागली की सयाजीने दोन्ही रांगांतल्या सगळ्या लॉकांवर, बंद झाल्यावर दांडीखाली झाकली जाईल अशी, लाल रेघ ओढली आहे. लाल दिसले की उघडा. आता खाडी नको आणि डोंगर नको. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. चूक पुन्हा होऊ नये म्हणून त्याने एवढे कष्ट घेतले, पण झालेली चूक मात्र तशीच राहू दिली.

गणपतीच्या आधी सयाजी या घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. त्याला मुकादम केले होते. ओट्यावर बसून त्याने इकडचे तिकडचे विचारले. मग त्याची नजर माझ्यावर पडली. त्याने मला उचलले, अंगठ्याने माझ्यावरचे मीठ पुसले. त्या स्पर्शाने मला पहिला दिवस आठवला.

वेणूबाई जवळा उलटा करत होती. तिने मान वर न करता विचारले, "सयाजी, यार्डात झाडून इतकी वरसं झाली, मना काय अजून कललं नाय. तो आता बंद हाय का उघरा?"

मी त्याच्या हातात होतो. नुसता अंगठा दाबला असता तरी कळले असते. पण सयाजीने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने मान वर केली आणि घरांच्या पलीकडे खाडी कुठे आहे ते शोधले.

वेणूबाईचे हात थांबले. दारात हिरामण उभा होता. त्यानेही ते पाहिले. त्या दांड्या खाडीकडे कोणी केल्या, ते दोघांनाही उमगले.

"खाडी त्या बाजूला हाय, सयाजीभाऊ," हिरामण हळूच म्हणाला. "पन लॉक तर तुमच्या हातात हाय. हाताला कळला पायजे, असं तुमीच शिकवलंत ना?"

सयाजीचे ओठ हलले. मला वाटले, आता ठोका येणार. तो आला नाही. त्याने मला जपून खाली ठेवले, जणू मी काचेचा होतो. "पेढं घ्या," एवढे म्हणून तो चपला घालून निघून गेला. पुडा तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागल्या.

विश्वजितसाहेबांकडे जाऊन सांग, असे शेजारी हिरामणला म्हणाले. तो गेला नाही. "मी सांगितलं होतं की," तो म्हणाला. "आता त्यांनी सांगायचं हाय." त्या दिवशी त्याने माझी दांडी बोटाने सरकवली, ठोका येईपर्यंत. तेव्हापासून मी बंद आहे. गावाच्या रस्त्याने कोणी पाटणकडच्या बोलीत बोलत गेले की वेणूबाई मान वर करते. अजून तरी तो आलेला नाही.

मित्रांनो, माझे एक ऐका. लोखंडाच्या वस्तूंना तेल द्या, त्या पुष्कळ वर्षे साथ देतात. पण जिला आपण तेल दिले तिच्यावर आपली चूक ढकलू नका. चूक मायेने केलेली असली तरी ती आपली असते. आणि तुमच्या हातून झालेल्या गोष्टीसाठी दुसऱ्याकडे बोट दाखवले जात असेल तर मान खाली घालू नका. त्याच वेळी, तिथेच, बोला. मला वाचा नव्हती. तुम्हाला आहे.