रांग शून्य

आमच्या हॉस्पिटलमधून बाहेर जाणारी प्रत्येक मेल माझ्या हाताखालच्या एका मशिनमधून जाते. मेल घेणाऱ्या कंपनीचं समोरचं मशिन कधीकधी म्हणतं, आत्ता नको, नंतर या. मग ती मेल रांगेत थांबते आणि परत परत प्रयत्न करते. अर्ध्या तासाहून जास्त काही तुंबलं की साहेबांच्या केबिनबाहेरचा मोठा स्क्रीन लाल होतो. साहेबांना मेलमधलं ओ की ठो कळत नाही, पण रंग कळतात.

लाल व्हायचं कारण एकच. एक जुनी फुकटातली मेल कंपनी आमच्या मेल आठ-आठ तास दारात उभ्या करायची. वर्षभर मी बोलणी खाल्ली आणि मग एक नियम लिहिला. त्या कंपनीने पहिल्यांदा 'नंतर या' म्हटलं की मेल फेकून द्यायची, कुणाला कळवायचं नाही, आणि मोजताना 'गेली' म्हणून मोजायची. दुसऱ्या दिवसापासून स्क्रीन हिरवागार. साहेबांनी मिटिंगमध्ये माझी पाठ थोपटली आणि मी थोपटून घेतली.

सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या तारखा देणाऱ्या बाई कागद घेऊन आल्या. त्यांच्याकडून पेशंटला तारीख मेलने जाते. दोन दिवसांत होकार आला नाही तर ती पुढच्याला, आणि तीनदा असं झालं की नाव यादीच्या तळाला.

"हे अकरा जण उत्तरच देत नाहीत," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचे पत्ते एकाच कंपनीचे आहेत. तुमच्याकडे काही अडकतंय का?"

साहेब तिथेच उभे होते. मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "रांग शून्य. आमच्याकडून गेलीय, बाई. लोक उघडत नाहीत त्याला मी काय करू? घरोघरी जाऊन वाचून दाखवू?"

साहेब हसले. बाईंचा चेहरा एवढासा झाला. कागद टेबलावर ठेवून त्या गेल्या.

सातव्या ओळीत दादाचा पत्ता होता. पंधरा वर्षांपूर्वी मीच त्याला उघडून दिलेला. पुढे वहिनीचं नाव, हृदयाची झडप, तीन तारखा, तिन्ही हुकलेल्या. डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या आत उरका म्हणून सांगितलं होतं. दादा दर रविवारी मला विचारायचा, "तारीख कधी येईल रे?" आणि मी म्हणायचो, "येईल मेल. तू एकटाच आहेस का?"

'चूक मशिनची' अशा दोन ओळी मी सहीनिशी दिल्या असत्या, तर बाईंनी अकराही नावं त्याच दिवशी वर घेतली असती. त्यांना तसा अधिकार आहे. मी खूप घाबरलो होतो. नोकरी जाईल म्हणून नाही, बाईंसमोर मान खाली घालावी लागेल म्हणून. मी गुपचूप नियम काढला. तीन वाजता स्क्रीन लाल झाला, साहेब बाहेर आले, आणि साडेतीनला मी नियम परत लावला. फक्त दादाचा पत्ता त्यातून वगळला.

संध्याकाळी दादाकडे गेलो. "तीन मेल आल्या होत्या तुला. उघडत का नाहीस?"

त्याने फोन पुढे केला. "इथे तर काहीच नाही रे."

"तूच पुसल्या असशील. आमच्याकडे नोंद आहे."

दादाने फोन परत वर-खाली करून पाहिला. नोंद म्हटल्यावर त्याचं काही चाललं नाही. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "असू दे, ह्यांना नाही जमत ते फोनचं. भाऊजी, तुमच्या ओळखीने काही होईल का?"

"बघतो," मी म्हणालो. ती माझ्यासाठी पाणी आणायला उठली आणि दोन पावलांवर खुर्ची धरून उभी राहिली.

आता ती जिना उतरत नाही. दादा फोन खाली ठेवत नाही, जेवताना डाव्या हातात असतो. काल त्याचा फोन आला.

"आली रे एक मेल हॉस्पिटलची. आमची सेवा कशी वाटली, असं विचारलंय. मी पाच मिनिटांत उत्तर पाठवलं, सगळ्याला उत्तम लिहिलं. त्याने नाव वर येईल ना?"

"येईल," मी म्हणालो.