चालणारा वाडा

“पुन्हा लाल आलं,” जनावरांचे डॉक्टर म्हणाले. त्यांच्या एका हातात लसीची पिचकारी होती, दुसऱ्यात फोन. “घर क्रमांक टाका म्हणतंय. मावशी, नंबर काय तुमच्या घराचा?”

सुलाबाईनं मागं वळून पाहिलं. उंब्रजजवळचं ऊस तुटून मोकळं झालेलं रान, वाघरीच्या जाळीत दाटून उभी मेंढरं आणि घोड्यावरून उतरवलेलं बिऱ्हाड, एवढंच मागं होतं.

“नंबर कुठला वं? आमचा वाडा हाय.”

“वाडाच निवडलाय. वाड्याला नंबर लागतो.”

सुलाबाईचा मुलगा अमृत बांधावर उभा होता. त्याला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. त्याला लाल झालेला बघायचा होता तो डॉक्टरांशेजारी उभ्या वीरधवलचा चेहरा, आणि तो झालाही होता.

साताऱ्याच्या त्या छोट्या कंपनीत पहिली खुर्ची आली तेव्हापासून अमृत प्रोग्रॅम लिहीत होता. वीरधवल आला गेल्या दिवाळीनंतर. बाप फौजेत, बालपण छावण्यांमध्ये गेलेलं. उंब्रज त्याला सुट्टीपुरतंच ठाऊक. तरी मेंढपाळांच्या संस्थेचं काम कंपनी चालवणाऱ्या अंकिता मॅडमनी त्यालाच दिलं. रानातल्या फोनवरून येणारी लसीकरणाची नोंद सर्व्हरमध्ये शिरण्याआधी एपीआय नावाच्या दारातच तपासायची. कोणता रकाना सक्तीचा, कुठं आकडा, कुठं नाव, हे नोंदीच्या साच्यात, म्हणजे मॉडेलमध्ये, बांधायचं. चुकीचं आलं की परत पाठवायचं. वीरधवलनं ते इतकं देखणं बांधलं की मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, “याला म्हणतात व्हॅलिडेशन. कचरा उंबऱ्याच्या आत येतच नाही.” त्या दिवसापासून अमृतला खाल्लेलं अंगी लागेना. आजची चाचणी पार पडली की वीरधवल टीमचा प्रमुख होणार, आणि अमृत त्याला विचारून रजा घेणार!

खोट मात्र अमृतला पहिल्याच दिवशी दिसली होती. राहण्याच्या ठिकाणात तीन पर्याय होते, घर, वस्ती आणि वाडा. आणि वाडा निवडला की घर क्रमांक सक्तीचा. वीरधवलच्या डोळ्यांपुढं उंब्रजातला त्याच्या चुलत्यांचा दगडी वाडा असणार.

“अमृतदादा, एकदा नजर टाक ना,” तो आर्जवानं म्हणालाही होता. “तुमच्याकडच्याच लोकांसाठी आहे.”

“झकास झालंय,” अमृत म्हणाला. वर चाचणीसाठी स्वतःच्या आईचा वाडा त्यानंच सुचवला. दुसऱ्याचं नाक कापायला माणूस काय काय पुढं करतो!

“नोंद झाल्याशिवाय लस देता येत नाही मला,” डॉक्टरांनी बर्फाची पेटी मिटायला घेतली. साताऱ्याहून चाचणी बघायला आलेल्या अंकिता मॅडम वीरधवलकडे बघत होत्या.

“आवं सायेब, मेंढरं हायती की म्होरं. हात लावून बघा,” सुलाबाई पेटीच्या आडवी आली. “आमी काय खोटी हाय व्हय?”

अमृतच्या गुदगुल्या थांबल्या. सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. पण तो बांधावरून हलला नाही.

वीरधवल ढेकळांतच मांडी घालून बसला. लॅपटॉप मांडीवर घेतला. “मावशी, मला सांगा. वाडा म्हणजे काय?”

सुलाबाईला हसू आलं. “लय शिकलायस न्हवं रं तू? वाडा म्हंजी आमीच की. माणसं, मेंढरं, घोडं, कुत्री. आज हितं, चार दिसांनी फुडं. आमचा वाडा चालतो बाबा.” आणि मग सहज म्हणाली, “आमच्या अमृतला इचारायचं हुतंस. वाड्यातच जलमलाय त्यो.”

वीरधवलनं मान वर करून अमृतकडे पाहिलं. अमृतनं नजर मेंढरांकडं वळवली. मॅडमही वळल्या.

“दादा बोलला होता मला,” वीरधवल मॅडमना म्हणाला. “माझ्याच डोक्यातून निसटलं.”

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. कामाचा हेवा होताच. आता या पोराच्या मनाच्या मोठेपणाचाही वाटला, आणि हा जास्त झोंबला.

थोड्याच वेळात घर क्रमांक गेला. वाड्यासाठी त्या जागी दोन नवे रकाने आले: आजचा मुक्काम आणि पुढचा मुक्काम. दुसरा डोस द्यायला डॉक्टरांनी कुठं जायचं, ते त्यावरून कळणार होतं. डॉक्टरांनी पेटी पुन्हा उघडली. सुलाबाई हरखून पहिलं मेंढरू धरायला वाघरीत शिरली.

नाव भरलं, मेंढरं भरली, आजचा मुक्काम भरला.

“दादा,” वीरधवलनं मान वर न करता विचारलं, “मावशींचा पुढचा मुक्काम कुठं?”

अमृतनं तोंड उघडलं. विट्याकडं? का म्हसवडच्या वाटेला? या आठवड्यात त्यानं आईला रोज फोन केला होता. चाचणी कधी, गाडी कुठवर येईल, मेंढरं हलवू नकोस, सगळं बोलला होता. इथून कुठं जाणार, हे विचारलंच नव्हतं.

रकाना सक्तीचा होता.

“आईला इचारावं लागंल,” अमृत म्हणाला आणि ढेकळं तुडवत वाघरीकडं निघाला.