बरोबर, पुढे

तिने पेन्सिल कोशकारांच्या डाव्या हातात दिली, बोटं एकेक करून मिटवली आणि हात खुर्चीच्या फळीवर नीट टेकवला. मग चष्मा पुसून इंग्रजी-मराठी शब्दकोशाचा खंड मांडीवर उघडला.

“गो,” तिने वाचलं. “क्रियापद. अर्थ पहिला. जाणे, स्वल्पविराम, निघणे, पूर्णविराम.”

टक.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, कोशाच्या कचेरीत, दोघं असंच काम करत. ती मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. ते समोर बसून मुद्रितावर नजर फिरवायचे. पेन्सिल एकदा वाजली की बरोबर, पुढे. दोनदा वाजली की थांबा, चूक आहे. तोंडाने बोलायचं नाही, कारण शेजारच्या टेबलावरही वाचन चाललेलं असे. तेव्हा ते नुकते लागलेले मदतनीस होते आणि त्यांच्या मागे सगळे त्यांना ‘पूर्णविराम’ म्हणत. एका दुपारी त्यांनी दोनदा पेन्सिल वाजवली. तिने ओळ पुन्हा पुन्हा तपासली. चूक सापडेना.

“चूक नाहीये,” ते खाली बघत म्हणाले होते. “चहाला येता का, विचारायचं होतं.”

पुढे याच क्रियापदाने त्यांची कितीतरी वर्षं खाल्ली. बाकीचे लांबलचक शब्द हातावेगळे करत आणि हे आपले एवढ्याशा ‘गो’शी झुंजत. घास हातात धरून सांगायचे, की या क्रियापदाने स्वतःचं भूतकाळाचं रूप केव्हाच गमावलं आणि मग शेजारच्या भलत्याच क्रियापदाचं उचलून आपलं म्हणून वापरलं. “आपलं तरी काय? ‘जा’ म्हणतो आणि ‘गेला’ म्हणतो. ‘गेला’त ‘जा’ कुठे दिसतो? दोन वेगळी घराणी आहेत ही.”

“भात गार होतोय,” ती म्हणायची. “त्याचं मूळ शोधा आधी.”

झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्यांना कितपत समजतं ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग तिने एक दिवस हा खंड काढला. पेन्सिल वाजली, आणि त्या दिवशी तिने सगळ्या घरभर दिवे लावले होते.

मुलगा काल आला. वडिलांना उचलताना आईचं मनगट मोडलं, हे त्याला शेजारणीने फोनवर सांगितलं होतं. येतानाच तो एक संस्था बघून आला होता.

“आई, तुझ्याच्याने होणार नाही हे,” तो जेवताना म्हणाला. “तिथे नर्स असतात. बाबांना समजत असतं तर मी विषयच काढला नसता.”

“समजतं त्यांना.”

“कशावरून?”

“सकाळी आम्ही वाचायला बसतो तेव्हा ये. बघ तूच.”

आता तो अंघोळीला गेला होता. ती वाचत राहिली. यंत्र चालू असणे. टक. रंग एकमेकांना शोभणे. टक. नासणे. टक. प्लास्टरमधल्या हाताने पान धरवेना. ते सुटलं आणि तिने तीच ओळ पुन्हा वाचली. नासणे, पूर्णविराम.

टक.

तिने मान वर केली.

“अहो, दोनदा वाचलं मी ते.”

टक.

एकेकाळी एका जास्तीच्या स्वल्पविरामासाठी त्यांनी तिला अख्खं पान पुन्हा वाचायला लावलं होतं. तिने पुस्तकाकडे न बघता, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, “गो. पुढचा अर्थ. परत येणे, पूर्णविराम.”

टक.

“गो. कपडे वाळत घालणे.”

टक. त्याच ठेक्यात. तिचा आवाज थांबला की पेन्सिल खाली येत होती, एवढंच.

“आई.”

मुलगा दारात उभा होता, टॉवेल गळ्यात तसाच. “बाबा ऐकतायत की गं.”

तिने पदराने चष्मा पुसला. मघाशीच पुसला होता.

“मग?” ती म्हणाली. “तुला काय वाटलं, मी भिंतीशी बोलत होते?”

“पुन्हा वाच ना.”

तिने वाचलं. यंत्र चालू असणे. टक. शोभणे. टक. मुलगा येऊन खुर्चीपाशी उकिडवा बसला. त्याने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. लहानपणी काही मागायचं असलं की तो असाच बसायचा.

“बाबा, आईचा हात मोडलाय. तिला आता तुमचं करवत नाही. मी एक जागा बघून आलोय. खोलीला मोठी खिडकी आहे, तुमची पुस्तकं मावतील. दर महिन्याला मी येईन. तिथे जाल ना?”

टक.

मुलाने तोंडावरून टॉवेल फिरवला.

“ऐकलंस ना?” तो म्हणाला. “मी जबरदस्ती नाही केली, आई. तेच म्हणाले.”

उलटं विचारून बघ, हे तिच्या ओठांपर्यंत आलं. इथेच राहायचंय का, असं विचार. पेन्सिल तेव्हाही एकदाच वाजली असती. मग तो म्हणाला असता, बघ, काही समजत नाही त्यांना.

तिने कोशकारांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते, की तिच्या मागच्या दाराकडे, हे एवढी वर्षं समोर बसूनही तिला ओळखता येईना.

“आई?”

“ऐकलं,” ती म्हणाली. तिने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि त्यांच्या अंगावरची शाल गळ्याशी सारखी केली. “त्यांचे स्वेटर तिथे मशीनला लावू नका म्हणावं. आटतात.”

टक.